जोहारात गुडघा कुणी घातला?

नंदुरबार जिल्ह्यात ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की आपल्या तरुणांच्या ग्रुपांवर एक वाद हमखास उगवतो. आदिवासी कार्यकर्त्यांच्या शुभेच्छा येतात, खाली ‘जोहार’ लिहिलेलं असतं. मग आपल्यातलाच कुणीतरी शहाणा टाकतो : जोहार हा गुलामीचा शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी गुडघे टेकून केलेला नमस्कार, आमच्या बापजाद्यांनी तो फेकून दिला आणि तुम्ही अजून डोक्यावर घेऊन नाचताय. तिकडून उत्तर येतं : आमचा जोहार निसर्गाला असतो, तुमच्यासारखा एका माणसाला नसतो. दोन दिवस दोन्हीकडची पोरं एकमेकांना इतिहास शिकवतात. तिसऱ्या दिवशी शिव्या. आणि महिन्याभराने वनहक्काच्या दाव्यांसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा असतो, तेव्हा दोन्हीकडचे मिळून चाळीस जण जमतात.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण जवळपास ६९ टक्के आहे. आपण बौद्ध आणि इतर अनुसूचित जाती मिळून फार थोडे. ज्यांच्यासोबत उभं राहिल्याशिवाय इथे एक साधं निवेदनही जोर धरत नाही, त्यांच्या नमस्काराला आपण गुलामी म्हणतो. तेही एका अशा अर्थावर, जो शब्दात नाहीच. म्हणून हा लेख. बोलणं मुख्यतः आपल्या माणसांशी आहे. आदिवासी मित्रांशी दोन शब्द शेवटाकडे.

शब्दाच्या पोटात काय आहे ते आधी पाहू. जोहार ही एकट्या महाराष्ट्राची चीज नाही. ओडिशात संबलपूरकडे ‘जुहार’ हा रोजचा नमस्कार आहे. छत्तीसगडात ‘जय जोहार’ म्हणतात. झारखंडात संथाल आणि इतर आदिवासी समाजांचं अभिवादन जोहारच. गुजरात-राजस्थानात ‘जुहार’ आहे आणि तिथे तो अस्पृश्यांपुरता कधीच नव्हता. इतका पसरलेला शब्द कुठून आला यावर एकमत नाही. कोणी ‘जयकार’पासून प्राकृतातल्या ‘जोक्कार’मार्गे तो आला असं मांडतात. हिंदीच्या एका मोठ्या जुन्या शब्दकोशाने संस्कृत ‘अवहार’कडे बोट दाखवलं आहे, म्हणजे लढाई थांबवणं, आणि तो क्षत्रियांमधला प्रणाम आहे असं सांगितलं आहे. आपल्याकडे ‘योद्धार’ म्हणजे लढवय्या, त्याचा जोहार झाला, ही मांडणी सर्वांना माहीत आहे. कोणी ‘हर’ काढून त्यात शंकर बसवतो. आदिवासी अभ्यासक म्हणतात की हा आमच्याच भाषांतला शब्द आहे, संस्कृतात त्याचं मूळ शोधायची गरज काय. (चितोडच्या राण्यांचा जौहर याच्याशी जोडणारेही भेटतात. तो शब्द वेगळा, त्याला इथे आणू नये.)

यातलं खरं कोणतं याचा निकाल मी देणार नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. या सगळ्या व्युत्पत्त्यांत जय आहे, लढाई आहे, योद्धा आहे, देव आहे. गुडघा एकीतही नाही.

उलट, ज्या शब्दांत वाकणं खरोखर मुळापासून आहे ते आपण रोज वापरतो. ‘नमस्कार’ आणि ‘नमो’ यांचा धातू ‘नम्’, त्याचा अर्थच वाकणे. ‘दंडवत’ म्हणजे काठी पडावी तसं जमिनीवर पडणं. ‘साष्टांग’मध्ये आठ अंगं मोजून टेकवलेली. ‘लोटांगण’ फोडून सांगायला नको. ‘कुर्निसात’ आणि ‘मुजरा’ दरबारातून आले. त्यातला मुजरा तर जमाखर्चातही होता : वजावट, हिशेबात धरलेली रक्कम. म्हणजे राजापुढची हजेरी आणि वहीतली नोंद एकाच शब्दात. आता मुळाकडे पाहूनच शब्द फेकायचे असतील तर आधी नमस्कार फेकावा लागेल, जोहार बऱ्याच नंतर. तसं कुणी करत नाही, कारण सगळ्यांना आतून ठाऊक आहे की शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत राहत नाही.

तो कुठे राहतो? मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात मराठीचा कोश केला, त्यात जोहार हा महारादी जातींच्या नमस्काराचा शब्द म्हणून नोंदला आहे. अर्थ सांगताना जात सांगावी लागली. कारण तोपर्यंत महाराष्ट्राच्या गावात त्या शब्दाचा तोच अर्थ उरला होता. कोण म्हणतो, एवढाच.

त्याआधी तसं नव्हतं. शिवकाळातल्या मराठा सरदार-देशमुखांच्या पत्रांचे मायने पाहा, त्यात एकमेकांना जोहार लिहिलेला सापडतो. बाबासाहेबांनी महारांच्या पूर्वेतिहासावर इंग्रजीत एक निबंध लिहिला, त्यात याच गोष्टीचा दाखला दिला आहे : जो शब्द लढवय्ये एकमेकांना लिहीत होते, तोच महारांच्या तोंडी राहिला, यावरून महारांचा जुना दर्जा काय होता याचा माग लागतो. संशोधक म्हणून त्यांनी तो धागा ओढून पाहिला. पण त्या आधारावर ‘चला, पुन्हा जोहार म्हणू या’ असं काही त्यांनी म्हटलं नाही. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ लिहिताना तर ते क्षत्रियत्वाच्या वाटेने गेलेच नाहीत. पांगलेली, फुटलेली माणसं आणि बौद्ध धर्म न सोडल्याची शिक्षा, अशी वेगळीच उपपत्ती त्यांनी मांडली. आपल्यातले काही जण आजही ‘योद्धार’वर छाती फुगवतात. मला त्याचं फार कौतुक नाही. माणूस म्हणून ताठ उभं राहायला आजोबा योद्धा असल्याचा दाखला लागत असेल, तर ज्यांचे आजोबा योद्धे नव्हते त्यांनी काय करायचं? मैला वाहणाऱ्याच्या नातवाने कोणता धातू शोधायचा?

एकच शब्द सरदारांच्या पत्रात मानाचा आणि महाराच्या तोंडी हीनतेचा कसा झाला, हे कळायला गावगाडा डोळ्यांपुढे आणावा लागतो. महार वतनदार म्हणजे गावाचा हरकाम्या. येसकर म्हणून वेशीची राखण, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जाणं, सरकारी सारा पोचवणं, आलेल्या अंमलदाराचा घोडा धरणं, सरपण फोडणं, मेलेलं जनावर ओढणं. त्या बदल्यात बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. त्याने पाटलाच्या वाड्यासमोर अंतर राखून उभं राहायचं, कमरेत वाकायचं, हात भुईला लावायचा आणि जोहार म्हणायचा. समोरच्याला मायबाप म्हणायचं. समोरचा वयाने नातवाएवढा असला तरी मायबापच.

आणि समोरचा काय म्हणायचा? काहीच नाही. फार तर ‘हं’. नाहीतर पुढचं काम सांगायचा. महाराच्या जोहाराला गावाकडून जोहार परत येत नव्हता. माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे. ज्या दिवशी तो शब्द एका बाजूने सक्तीचा आणि दुसऱ्या बाजूने मुका झाला, त्या दिवशी त्याच्यात गुडघा शिरला. तो कुठल्या व्याकरणाने घातला नाही, गावाने घातला.

चोखोबांच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत. नाथांनीही महाराच्या तोंडून बोलणारे जोहार लिहिले. वारकरी मंडळी हे फार अभिमानाने सांगतात की पाहा, संतांनी जोहार देवापर्यंत नेला. नेला हे खरंच आहे. पाटलाचा मान विठ्ठलाला देऊन टाकण्यात एक बंडही आहे, ते मी नाकारत नाही. चोखोबांच्या मनातली आग ज्याला दिसत नाही त्याने त्यांना वाचलेलंच नाही. पण देवाशी बोलतानाही ज्या माणसाला गावकीचाच नमस्कार आठवावा लागला, त्याच्याभोवती ती गावकी किती घट्ट आवळलेली असेल? आणि मंगळवेढ्याच्या कुसवाचं काम करताना दरड कोसळून चोखोबा गेले, म्हणजे मरणही वेठीच्या कामावरच आलं. संतांनी शब्द वर नेला, वतन खालीच राहिलं. ते वतन मोडायला बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणावं लागलं, आणि प्रत्यक्ष कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द व्हायला १९५८ उजाडलं.

मधल्या काळात आपल्या लोकांनी जोहार टाकला. कसा टाकला हे बघण्यासारखं आहे, कारण त्यात या वादाचं उत्तर आहे.

कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांचं नाव आपण १४ एप्रिलला घेतो आणि १५ तारखेला विसरतो. १९०४ चा जन्म, १९३७ साली निवडून आलेले आमदार, १९३९ च्या जानेवारीत पस्तिशीतच गेले. १९३५ च्या सुमारास जयभीम रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्याची जी हकिकत सांगितली जाते ती अशी : मुसलमान माणसं भेटली की एक म्हणतो सलाम आलेकुम आणि दुसरा म्हणतो वालेकुम सलाम. हे हरदासांच्या मनात भरलं. आपल्याकडे काय? जोहार, नाहीतर राम राम. तेव्हा आपल्याही माणसांना असं काहीतरी हवं की जे एकाने म्हटलं की दुसऱ्याने परत द्यावं. त्यांनी ‘जयभीम’ला ‘बलभीम’ असं उत्तर योजलं होतं. पुढे लोकांनीच उत्तरादाखल जयभीमच चालू केलं आणि ते जास्त सोपं, जास्त सरळ झालं. दोन्ही बाजूंना एकच शब्द.

बघा, हरदास कोणत्या गोष्टीच्या मागे होते. कोश उघडून ते जोहाराचा धातू तपासत बसले नाहीत. परतफेड होईल असा शब्द त्यांना हवा होता. जयभीम म्हणणारा आणि जयभीम ऐकणारा यांच्यात कोण आधी म्हणालं एवढाच फरक राहतो. जिल्हा न्यायाधीश असो की सफाई कामगार, उत्तर तेच. बाबासाहेबांचं नाव त्यात आहे हे तर आहेच, पण त्या नावाइतकंच हे परत येणं महत्त्वाचं आहे. गावाला हेच झोंबलं. पोरगं जोहार न घालता गेलं, एवढ्यावर मारहाणी झाल्या. आणि ही जुनी गोष्ट आहे असं कुणी म्हणू नये. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला तो मोबाइलच्या रिंगटोनला बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून.

तेव्हा आपण जोहार सोडला हे शंभर टक्के बरोबर केलं. कुणी ‘योद्धार’ सांगून तो परत गळ्यात घालायला आला तर त्यालाही नम्रपणे नको म्हणावं. इतकं स्पष्ट बोलून झाल्यावर आता नंदुरबारकडे येतो.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी माणसाने आपसात जोहार म्हटला तर तो कोणत्या पाटलाला म्हणतो? एक म्हणतो जोहार, दुसरा म्हणतो जोहार. शब्द परत आला. म्हणजे ज्या कसोटीवर आपण जयभीम उभा केला, त्याच कसोटीवर त्यांचा जोहार पास होतो. आपल्या जोहाराचा इतिहास त्यांच्या जोहारावर चिकटवणं हा निव्वळ आळस आहे. एकाच नावाची दोन माणसं असतात, एकाच्या गुन्ह्याचं वॉरंट दुसऱ्यावर बजावत नाहीत.

आणि दुसरं. या जिल्ह्यातल्या आदिवासींना मानाचा शब्द म्हणजे काय हे आपल्याकडून शिकायची गरज नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरला १९३० च्या दशकाच्या शेवटी गुलाम महाराज नावाचा माणूस झाला. दारू सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा, असं सांगणारा. दर आठवड्याला हजारोंनी आदिवासी त्यांच्याकडे लोटू लागले. १९३८ मध्ये ते वारले, मग त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं. पण सगळ्यात नवी गोष्ट दारूबंदी नव्हती, तसं सांगणारे त्या काळात बरेच होते. नवी गोष्ट होती ‘आप’. प्रत्येकाने प्रत्येकाला ‘आप’ म्हणायचं. लहान, मोठा, बाई, पुरुष, सगळे ‘आप’. ‘आप की जय’. आजही तळोदा-अक्कलकुव्याकडे हा जयघोष कानावर पडतो.

हे किती मोठं होतं ते समजून घ्या. ज्या माणसाला सावकार, दारूवाला, फॉरेस्टचा शिपाई, गुजर-पाटील जमीनदार, शाळामास्तर असे सगळे ‘तू’ आणि ‘अरे’ म्हणत, ज्याला आयुष्यात कुणी आदरार्थी बहुवचन लावलेलं नव्हतं, त्याने शेजारच्या दुसऱ्या उघड्यावाघड्या माणसाला ‘आप’ म्हटलं आणि त्याच्याकडून ‘आप’ ऐकलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या पंथाने नेमकी उलटी युक्ती केली होती. ते कुणापुढे टोपी काढत नसत आणि सरदार असो की न्यायाधीश, सगळ्यांना एकेरीच बोलत. त्यासाठी तुरुंगात गेले. त्यांनी सगळ्यांना ‘तू’वर आणलं, तळोद्याच्या भिल्लाने सगळ्यांना ‘आप’वर नेलं. कुठली वाट जास्त अवघड, तुम्हीच ठरवा. कामठीत हरदास आणि तळोद्यात गुलाम महाराज, दोघंही एकाच दशकातले. एकमेकांना ओळखत असल्याचं काही ऐकिवात नाही. दोघांनाही एकच गोष्ट कळली की गुलामाला आधी नमस्कार बदलावा लागतो, आणि तो परत येणारा असावा लागतो.

पुढे १९७० च्या आसपास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती महाराज उभे राहिले. सालदारांना मारझोड, बळकावलेल्या जमिनी, पीकसंरक्षणाच्या नावाखाली जमीनदारांनी पोसलेली माणसं. १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९७२ ला श्रमिक संघटना झाली. दारूचे गुत्ते फोडायला बाया पुढे होत्या. या लढ्यात जमीन आणि मजुरी तर होतीच, पण मालकाच्या ओट्याखाली उकिडवं बसायचं नाही हेही होतं. ज्यांच्या मागे एवढं आहे त्यांना आपलं पोरगं मोबाइलवरून ‘गुडघे टेकणारे’ म्हणतं. त्या पोराने एकदा शहाद्याला जाऊन त्या काळातल्या म्हाताऱ्या बायांशी बोलावं.

आता गुडघ्याचाच विषय निघाला आहे तर एक प्रश्न आपल्यालाही विचारला जातो, त्याला बगल देणं बरं नाही. विहारात आपण काय करतो? दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला लावून पंचांग प्रणाम करतो. मग गुडघे टेकणं वाईट कसं? प्रश्न रास्त आहे. मराठीत तर ‘गुडघे टेकले’ म्हणजे हरला, शरण गेला. आदराने गुडघे टेकण्यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात वेगळा शब्दही नाही, म्हणून आपण पालीतून-संस्कृतातून ‘वंदना’ आणि ‘पंचांग प्रणाम’ घेतला. पण फरक शब्दाचा नाहीच. बुद्धापुढे न वाकणाऱ्याचं बलुतं बंद होत नाही. समोर बसलेली मूर्ती काम सांगत नाही, वेठ लावत नाही, आणि विहारात एका जातीने वाकायचं आणि दुसरीने बघायचं असं नसतं. पहिल्या रांगेतला डॉक्टर आणि मागच्या रांगेतला हमाल एकाच वेळी खाली जातात, एकाच वेळी उठतात.

अमेरिकेत २०१६ साली कॉलिन कॅपर्निक या काळ्या फुटबॉल खेळाडूने राष्ट्रगीताच्या वेळी एक गुडघा टेकला. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात याचा निषेध म्हणून. गोऱ्या अमेरिकेला तो टेकलेला गुडघा सहन झाला नाही. त्याचं करिअर संपवलं. चार वर्षांनी मिनियापोलिसला एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला आणि तो मेला. एक गुडघा जमिनीवर, एक मानेवर. शरीराचा तोच सांधा आहे. तो कुणाचा, कुठे आणि कुणाच्या मर्जीने टेकला, यावरच सगळं ठरतं.

म्हणूनच आपल्याच घरातली एक गोष्ट मला जोहारापेक्षा जास्त खुपते. आपल्या सभा बघा. साहेब गाडीतून उतरले की पंचवीस वर्षांचे शिकलेले कार्यकर्ते पायांवर पडतात. साहेब खांद्याला हात लावून उठवतही नाहीत, फोनवर बोलत राहतात. पोरगं वाकतं, फोटो काढला जातो, साहेब पुढे जातात. तोंडाने जयभीम म्हटलेलं असतं, पण त्याला उत्तर आलेलं नसतं. हा जयभीम कुठल्या बाजूने जोहारापेक्षा वेगळा? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगून ठेवलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात विभूतिपूजा ऱ्हासाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण आपण २६ नोव्हेंबरला स्टेजवरून वाचतो, आणि वाचून झालं की खाली उतरून पायांवर पडतो. आदिवासींच्या शब्दातला गुडघा शोधणाऱ्यांनी आधी हा गुडघा उचलावा. मी नाव घेत नाही कारण नावं पुष्कळ आहेत.

आदिवासी मित्रांशी दोन शब्द. जयभीमला व्यक्तिपूजा म्हणणं तितकंच उथळ आहे. जयभीममधला भीम ही मूर्ती नाही. ज्यांना माणूस म्हणून हाक मारली जात नव्हती त्यांनी एकमेकांना मारलेली ती हाक आहे, तुमच्या ‘आप’सारखीच. तुमच्या वसतिगृहाची जागा, नोकरीतला टक्का, पाचवी अनुसूची ज्या संविधानात आहे त्याचा मसुदा कुणाच्या अध्यक्षतेखाली झाला हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि जोहाराचा अर्थ ‘निसर्गाला नमस्कार’ एवढाच आणि हजारो वर्षांपासून तोच, असा दावा करणारेही माझ्या मते आपल्या योद्धारवाल्यांचे सख्खे भाऊ आहेत. तुमचा जोहार मोठा आहे तो आज तो गडचिरोलीपासून धडगावपर्यंतच्या माणसांना एकमेकांशी जोडतो म्हणून. त्यासाठी कोशातला पुरावा लागत नाही.

या भांडणात फायदा कुणाचा होतो? नमस्कारावर मालकी हवी असलेल्यांचा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं. कुणी कसा नमस्कार करावा हे ठरवण्यात सत्तेला किती रस असतो याचं यापेक्षा उघड उदाहरण नको. ते हॅलोच्या मागे होते म्हणून आपण हसलो. पण वाडीपाड्यांवर ‘जोहार’ आणि ‘आप की जय’च्या जागी दुसरा जयघोष रुजवायचा प्रयत्न चालू आहे, तुम्ही आदिवासी नाहीत वनवासी आहात असं सांगणं चालू आहे, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला उभे असतो? जोहाराला गुलामी म्हणणारा आपला पोरगा नकळत त्यांचंच काम फुकटात करतो.

दुसरीकडे याच जिल्ह्यात ९ ऑगस्टला मोठमोठे अधिकारी आणि पुढारी स्टेजवर जातात, डोक्याला फेटा बांधून घेतात, माइक हातात घेऊन पहिला शब्द ‘जोहार’ म्हणतात. टाळ्या पडतात. या टाळ्यांचा मला राग येतो. कारण १० ऑगस्टला तीच यंत्रणा वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन तोरणमाळ-मोलगीच्या डोंगरातून उतरलेल्या साठीच्या माणसाला ‘ए, तिकडे बस’ म्हणते. २००६ च्या कायद्याने त्याला हक्क दिला आहे, भीक मागायला तो आलेला नाही, तरी तो खिडकीपासून दोन हात लांब उभा राहतो आणि हात जोडतो. खिडकीतून उत्तर येत नाही. त्या खिडकीशी आपला जुना जोहार अजून जिवंत आहे, तोंडाने कुठलाही शब्द उच्चारलेला असो.

तेव्हा माझी नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथल्या आपल्या शाखांना साधी सूचना आहे. समोरून जोहार आला तर जोहारच परत द्यावा, अडखळू नये, आणि आपण जयभीम म्हणावं आणि तो परत येण्याची अपेक्षा ठेवावी. येईल. बऱ्याच ठिकाणी येतोच आहे. ९ ऑगस्ट आणि १४ एप्रिल दोन्ही दिवशी स्टेजवर पाया पडण्यावर बंदी घालावी, पुढारी रागावला तर रागावू द्यावा. आणि येत्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस ठरवून प्रत्येक तहसील कचेरीच्या आणि प्रकल्प कार्यालयाच्या खिडकीशी दोन कार्यकर्ते उभे करावेत, एक आपला, एक त्यांचा. दाव्यांच्या पावत्या मिळतात का ते बघायला, आणि आत बसलेला माणूस बाहेरच्याला ‘तुम्ही’ म्हणतो का ते ऐकायला. म्हणत नसेल तर तारीख, वेळ आणि खिडकीचा नंबर लिहून घ्यावा. पुढच्या निवेदनात पहिली मागणी तीच टाकू.